रात्र आजीची, बाळ आईचं

पाचवीला सटवाई पुजायची, रात्र जागवायची, ही रीत कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत आजही आहे. पण बाळंतिणीला फिट येत असतील, तर त्या रात्री तिला निजू द्यावं. जागरण घरच्यांनी करावं. अपस्मार असलेल्या अनेकांना झोप मोडली की झटका येतो, आणि तान्ह्या बाळाचे पहिले महिने म्हणजे रोजचंच जागरण.

धास्तीपोटी घरची माणसं बाळच उचलून नेतात. "तुला मधेच काय झालं तर? दे हिकडं." मला हे पटत नाही. घ्यायचीच तर तिची रात्र घ्या. तिनं काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध रात्री दोनला बाबानं किंवा आजीनं वाटी-चमच्यानं पाजावं. फिटच्या बहुतेक गोळ्या चालू असताना अंगावर पाजता येतं. बाळ फार सुस्त वाटलं, दूध ओढेना, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. काही औषधांनी असं होऊ शकतं. पण दुधाच्या भीतीनं स्वतःच गोळ्या बंद करणं सगळ्यांत घातक. गरोदरपणी वाढवलेला डोसही बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारूनच कमी करायचा.

बाकीची काळजी बरीचशी आपल्या जुन्या बैठकीतच आहे. भिंतीला पाठ टेकून, खाली वाकळ अंथरून पाजायला बसलं, तर हात सैल पडले तरी बाळ वीतभरच खाली येतं. कॉटच्या कडेवर तसं नाही. लंगोट बदलणं, कपडे घालणं, सगळं जमिनीवरच. बाळ कडेवर घेऊन एकटीनं जिना उतरू नये, गॅसपाशी उभं राहू नये.

अंघोळीच्या बाबतीत मात्र सूट नको: एकटीनं बाळाला न्हाऊ घालायचं नाही. न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाय पसरून बसतात, बाळाला पायांवर घेतात. सव्वा महिन्यानंतर त्यांचं येणं थांबतं आणि बादली एकट्या आईपुढे येते. घरात दुसरं माणूस नसेल, तर त्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसावं. बाळाचं काही अडत नाही.

झटका येण्याआधी काहींना चाहूल लागते: पोटातून काहीतरी वर चढतं, नसलेला वास येतो. त्याच क्षणी बाळ खाली ठेवायचं. पाहणाऱ्यानं आधी बाळ उचलावं, मग आईला कुशीवर वळवावं. चप्पल, कांदा, तोंडात चमचा, काही नको. झटका 5 मिनिटांत थांबला नाही, तर 108 ला फोन.

हे सगळं जमायला घरात आजार माहीत हवा. वारंवार येणारे अपस्माराचे झटके हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येत. ती अट 1999 च्या दुरुस्तीनं गेली. तरी लग्न जमवताना गोळ्या लपवल्या जातातच, आणि सुनेला एकटीनं बाळ न्हाऊ घालायला का सांगू नये, हे सासूला कळतच नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशनचा स्वमदत गट आहे; तिथं हे बोलता येतं.

आणि बाळाच्या आईला घरात कोंडू नका. संध्याकाळी रंकाळा तलावावर जाऊ दे, कुणाला तरी सोबत घेऊन. बाबागाडीचा पट्टा बाळाला नीट लावलेला असावा, आणि गाडी पाण्याच्या कडेनं नाही, आतल्या बाजूनं चालवावी.