कबर न उघडता घेतलेला शोध

मृताच्या अस्थींना धक्का लावणे आपल्या धर्मात निषिद्ध आहे. मग ज्या जमिनीत हजारो माणसे पुरली आहेत, तिच्या पोटातील इतिहास शोधावा कसा? लिथुआनियातील पोनारच्या अरण्यात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला.

विल्ना शहराजवळील या ठिकाणी नाझी व त्यांच्या स्थानिक साथीदारांनी सुमारे १,००,००० माणसे मारली; त्यांतील सुमारे ७०,००० यहुदी होते. पुढे पुरावा नष्ट करण्यासाठी सुमारे ८० कैद्यांना ती प्रेते उकरून जाळण्यास लावण्यात आले. रात्री ज्या खड्ड्यात त्यांना कोंडत, तेथूनच त्यांनी हातांनी आणि चमच्यांनी भुयार खणले. १५ एप्रिल १९४४ च्या रात्री, पेसाहच्या अखेरीस, ते त्यातून बाहेर पडू लागले. पहारेकऱ्यांना चाहूल लागली, गोळ्या सुटल्या. बारा जण निसटले. त्यांतील अकरा युद्ध संपेपर्यंत जगले. भुयाराची हकिकत जगाला कळली ती त्यांच्याच तोंडून. २००४ मध्ये त्याचे तोंड सापडले. पुढचा मार्ग मात्र अज्ञातच होता.

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी तेथे विद्युत-रोध मोजण्याची पद्धत वापरली. जमिनीत धातूच्या खुंट्या एका ओळीत थोड्याच खोल रोवतात. दोन खुंट्यांतून वीजप्रवाह सोडतात आणि दुसऱ्या दोहोंमधील विद्युत्‌दाब मोजतात. खुंट्यांमधील अंतर वाढवावे तसा प्रवाह अधिक खोलवर जातो. ओली माती वीज सहज वाहू देते. कोरडी वाळू, खडक व पोकळी तिला अडवतात. अशा शेकडो मोजमापांतून संगणक जमिनीचा उभा छेद रेखाटतो. आपल्या महाराष्ट्रात विहिरीसाठी पाणी शोधताना हीच रीत उपयोगी पडते.

परंतु यंत्राला भुयार दिसत नाही, केवळ फरक दिसतो. झाडाच्या मुळांनी किंवा जुन्या चरानेही तसा फरक पडू शकतो. विल्नाच्या मोठ्या सिनॅगॉगच्या जागी रडारने अवशेष दाखवले, तेव्हा पुढे उत्खनन करून खात्री करता आली. पोनारला ती सोय नव्हती. म्हणूनच माझ्या मते तेथे यंत्राइतकेच मोल साक्षीचे आहे. वाचलेल्यांचे कथन, आधीच सापडलेले तोंड आणि छेदांतील खूण या तिन्ही गोष्टी एकाच रेषेवर आल्या. भुयाराची लांबी सुमारे ३५ मीटर भरली.

त्याच पाहणीत, तोवर ठाऊक नसलेला आणखी एक दफनखड्डा आढळल्याचे संशोधकांनी जाहीर केले. त्यासाठीही कुदळ चालवावी लागली नाही.