छातीचा फोटो

“मावशी, अंबाडा वर बांधा, मानेवर नको. गळ्यातलं काढून लेकीकडे द्या.”

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात डिसेंबरची सकाळ. मावशी पेठ तालुक्यातल्या. दोन महिने खोकताहेत, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतलं काम त्यापायी सुटलंय. टेक्निशियन दादा त्यांना पाटीसमोर उभं करतात. “हनुवटी वर. छाती टेकवा. हात कमरेवर, खांदे पुढे. श्वास भरा... धरा!” खट्. “सोडा.”

खांदे पुढे घेतले की पाठीची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. अंबाड्याचं कारण रेडिओलॉजिस्ट मॅडम आतल्या खोलीत एक जुनी फिल्म लावून दाखवतात. उजव्या फुप्फुसाच्या टोकाशी पांढुरका डाग, बघताक्षणी क्षय वाटावा असा. “आता हा वर कुठवर जातो बघ.” डाग फुप्फुसाची हद्द ओलांडून मानेपर्यंत चढलेला आहे, त्यात पीळही दिसतात. ती वेणी आहे. फुप्फुसातला रोग मानेवर चढत नाही.

पुढच्या महिन्यात मी सुरगाण्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होते आहे. तिथे शेजारच्या खोलीत रेडिओलॉजिस्ट नसेल. म्हणून मॅडमजवळ बसून बाराखडी गिरवते आहे, आणि ती रोगापासून सुरूच होत नाही.

मावशींची फिल्म पडद्यावर येते. माझी नजर लगेच फुप्फुसांत धावते. मॅडम माउसवर हात ठेवतात. “आधी नाव. तारीख. उजवी-डावी खूण. मग हा फोटो भरवशाचा आहे का ते सांग.”

मी मागच्या फासळ्या मोजते. सात, आठ, नऊ, आणि श्वासपटलाच्या वर दहावी. श्वास पुरता भरलाय. अर्धवट असता तर निरोगी फुप्फुसाचा तळही गढूळ दिसला असता. दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर, म्हणजे मावशी वळलेल्या नाहीत. हृदयामागचे मणके जेमतेम दिसताहेत, तेवढेच हवेत. हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून कमी. पण हे माप असं उभं राहून, पाठीकडून किरण सोडून काढलेल्या फोटोलाच लावायचं. खाटेवरच्या रुग्णाचा फोटो समोरून आणि जवळून काढतात, त्यात हृदय उगाच मोठं दिसतं.

मग ठरलेली वाट. श्वासनलिका मधोमध. हृदयाच्या कडा स्पष्ट. इथे मॅडम थांबतात. सिनसिनाटीच्या डॉ. बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये मांडलेली गोष्ट त्यांना फार प्रिय आहे: हवेने भरलेलं फुप्फुस हृदयाला टेकलेलं असतं म्हणूनच हृदयाची कड दिसते, तिथली हवा गेली की कड पुसली जाते. उजवी कड हरवली तर उजव्या फुप्फुसाचा मधला खंड तपासायचा. नुसत्या रेषेवरून रोगाचा पत्ता लागतो! हे कळल्यापासून मी प्रत्येक फिल्मची कड अन् कड चाचपते.

श्वासपटलाचे कोपरे टोकदार आहेत. उभ्याने काढलेल्या फोटोत ते बोथट व्हायला साधारण २०० मिलिलिटर पाणी साचावं लागतं, त्यामुळे कोपरा टोकदार दिसला म्हणून पाणी मुळीच नाही असं छातीठोक सांगता येत नाही. हाडं ठीक.

“आता लपायच्या जागा.” हृदयामागे, फुप्फुसांच्या मुळाशी, श्वासपटलाखाली. इथे काळ्या हवेची बारीक कोर दिसली तर आतडं किंवा जठर फुटल्याची शंका; खोकल्यासाठी आलेला माणूस तडक सर्जनकडे पाठवायचा. आणि शेवटी कॉलरबोनच्या आड. डावीकडे तिथे स्वच्छ काळं आहे. उजवीकडे धुरकट पट्टा, आणि त्यात छोटंसं काळं कडं.

“क्षय,” माझ्या तोंडावर येतं. मॅडम आधीच म्हणतात, “काय झालंय ते नंतर. काय दिसतंय ते लिही.” मी लिहिते: उजव्या वरच्या भागात धूसर छाया, आत पोकळी. त्याखाली: क्षयरोगाची शक्यता, थुंकीची तपासणी करावी. सावलीवरून जंतू ओळखता येत नाहीत. पण सावली बघितलीच नाही तर? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण एक्स-रे नसता तर निसटले असते. हा आकडा सुरगाण्याच्या पाड्यांवरही लागू आहे, असंच धरून मला तिथे काम करायचंय.

बाहेर मावशी उभ्याच आहेत. “फोटोत काय निघालं?”

छातीत डाग दिसतोय, मी सांगते; थुंकी तपासल्यावर नक्की कळेल. क्षय निघाला तर औषध फुकट मिळतं, साधारण सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्यायचं. खाण्यासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. एक नमुना आता द्या, दुसरा उद्या सकाळी उठल्या उठल्या.

“उद्याचा पेठच्या सरकारी दवाखान्यात दिला तर चालंल का? इथवर परत यायचं म्हंजी दिवस जातो.”

“चालेल,” मी म्हणते, आणि चिठ्ठीवर तसं लिहून देते.