छापखाना नसलेल्या देशाचे कर्ज

ग्रीसने १ जानेवारी २००१ रोजी युरो स्वीकारला. वर्षभराने नोटा आणि नाणी लोकांच्या हातात आली आणि ३४०.७५ ड्राख्मांना एक युरो या दराने जुने चलन इतिहासजमा झाले. युरोत येण्यासाठी मास्ट्रिख्ट करारातल्या अटी पाळाव्या लागत. अर्थसंकल्पी तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, ३ टक्क्यांच्या आत हवी आणि सरकारी कर्ज ६० टक्क्यांच्या आत. ग्रीसचे कर्ज तेव्हाच १०० टक्क्यांच्या आसपास होते. पण इटली आणि बेल्जियम यांचेही तसेच असल्यामुळे त्या अटीकडे काणाडोळा झाला. तुटीची अट पाळली गेली, पण ती कागदावर. २००४ मध्ये हिशेब पुन्हा तपासले गेले तेव्हा, ज्या आकड्यांवर प्रवेश मिळाला त्या वर्षांतही तूट ३ टक्क्यांच्या वर होती, हे ग्रीक सरकारनेच मान्य केले.

प्रवेशाचा लाभ सर्वांत आधी व्याजात दिसला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक सरकारला दोन आकडी व्याज मोजावे लागे. युरोत आल्यावर त्याचे रोखे जवळपास जर्मनीच्याच दराने विकले जाऊ लागले. युरोचा कोणताही सभासद बुडणार नाही, असे जर्मन आणि फ्रेंच बँकांनी गृहीत धरले होते. खरे तर युरोपीय संघाच्या करारात याच्या उलट लिहिले आहे: एका देशाच्या कर्जाला दुसरा देश जामीन राहणार नाही. बाजाराने हे कलम वाचलेच नाही, किंवा वाचून सोडून दिले. स्वस्त पैसा पगारांत, निवृत्तिवेतनांत, शस्त्रखरेदीत आणि २००४ च्या ऑलिंपिकच्या बांधकामांत गेला. करवसुली मात्र ढिलीच राहिली. पुढे जर्मन वृत्तपत्रांनी ग्रीकांवर ऋण काढून सण केल्याचा ठपका ठेवला. तो अगदीच खोटा नव्हता, पण त्या सणाला उधार देणाऱ्यांनी आपण डोळे मिटून दिले हे कधी सांगितले नाही.

ऑक्टोबर २००९ मध्ये जॉर्ज पापांद्रेऊ यांचे समाजवादी सरकार सत्तेवर आले आणि काही दिवसांतच त्या वर्षीची तूट आधी सांगितल्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे १२.७ टक्के असल्याचे जाहीर झाले. अंतिम आकडा १५ टक्क्यांच्याही पुढे गेला. हा आकडा नीट मांडणाऱ्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या प्रमुखावर, आंद्रेआस गेओर्गिऊ यांच्यावर, पुढे देशाचे नुकसान केल्याबद्दल खटले भरले गेले. युरोपीय सांख्यिकी कार्यालयाने त्यांचे आकडे बरोबर ठरवले होते, तरीही. २३ एप्रिल २०१० रोजी पापांद्रेऊ यांनी कास्टेलोरिझो या चिमुकल्या बेटावरून दूरचित्रवाणीवर बोलत युरोपकडे मदत मागितली.

इतर देश अशा वेळी काय करतात, याचे एक उदाहरण भारताचेच आहे. १९९१ मध्ये परकीय चलनाचा साठा आटला तेव्हा भारताने रिझर्व्ह बँकेच्या साठ्यातले सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी पाठवून कर्ज उभारले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन केले. अवमूल्यनाने आयात महागते आणि निर्यात स्वस्त होते. त्याचा चटका सगळ्यांना थोडाथोडा बसतो आणि कोणाचाही पगार कापल्याची पावती फाडावी लागत नाही. शिवाय सरकारचे देशातले कर्ज रुपयांत असते आणि अगदीच अडले तर रुपया छापता येतो. त्यातून महागाई वाढते, पण दिवाळे टळते. ग्रीसला यातले काहीच करता येत नव्हते. त्याचे कर्ज ज्या चलनात होते ते त्याचेच चलन होते आणि तरीही ते छापणारी युरोपीय मध्यवर्ती बँक फ्रँकफुर्टला होती.

समान चलन असलेल्या मोठ्या प्रदेशाची कल्पना काही नवी नाही. महाराष्ट्र आणि बिहार एकच रुपया वापरतात, जरी त्यांच्या अर्थव्यवस्थांत जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी. ते चालते, कारण केंद्राचा कर एका जागी गोळा होतो आणि वित्त आयोगाच्या सूत्राने गरीब राज्याकडे जास्त वळतो. काम नसलेला माणूस भाषा थोडीफार जमवून मुंबई गाठतो. कर्जात बुडालेल्या राज्याला रुपयातून बाहेर पडा, असे कोणी म्हणत नाही. रॉबर्ट मुंडेल या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये नेमका हाच विचार मांडला होता: माणसे सहज स्थलांतर करणार असतील तरच चलन एक असावे. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यात सामाईक तिजोरीची भर घातली. युरोने चलन एक केले, तिजोऱ्या मात्र वेगळ्याच ठेवल्या. अवमूल्यन करायचे नाही आणि मध्यवर्ती मदतही नाही, म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

मग उरला एकच मार्ग. चलनाची किंमत कमी करता येत नसेल, तर माणसांची करायची. मे २०१० मध्ये युरो देश आणि नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोंचे कर्ज दिले. त्यावर देखरेख होती युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या तिघांची. ग्रीसमध्ये त्यांना 'त्रोइका' म्हणत आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जाई. पगार आणि निवृत्तिवेतने कापली गेली, कर वाढले. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन ७५१ युरोंवरून ५८६ युरोंवर आणले गेले. कपातीमुळे अर्थव्यवस्था किती आकसेल याचा नाणेनिधीचा अंदाज फारच कमी निघाला. २०१३ मध्ये त्याच्याच अर्थतज्ज्ञांनी ही चूक कबूल केली. अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आकुंचन पावली, बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली आणि तरुणांत तर निम्म्याहून अधिक जण बेकार होते. कर्ज फेडण्यासाठी कपात केली आणि उत्पन्नच घटल्यामुळे जीडीपीच्या तुलनेत कर्ज वाढत गेले.

मदतीच्या पैशाचा मोठा हिस्सा अथेन्सला थांबलाच नाही. तो जुन्या सावकारांची, म्हणजे प्रामुख्याने युरोपातल्या बँकांची, देणी भागवण्यात गेला. बँकांचे ओझे अशा रीतीने हळूहळू जर्मनी, फ्रान्स, अगदी स्लोव्हाकिया अशा देशांच्या करदात्यांच्या खांद्यावर सरकले. मूळ हिशेब दोन पक्षांतला होता. आता तो दोन देशांच्या मतदारांतला झाला, आणि म्हणूनच इतका कडवट.

मार्च २०१२ मध्ये मात्र ग्रीसने एक हत्यार वापरले. चलन हातात नव्हते, पण कायदा होता. बहुतेक रोखे ग्रीक कायद्याखाली काढलेले असल्यामुळे संसदेने कायदा करून, बहुसंख्य धनकोंनी मान्य केलेली तडजोड उरलेल्यांवर बंधनकारक ठरवली. सुमारे २०० अब्ज युरोंच्या रोख्यांची दर्शनी किंमत ५३.५ टक्क्यांनी कापली गेली. त्यात ग्रीक बँका आणि निवृत्तिवेतन निधीही होरपळले. बदल्यात आलेले नवे रोखे इंग्लंडच्या कायद्याखाली होते. म्हणजे ते हत्यार एकदाच चालले.

युरोतून बाहेर पडण्याची चर्चा याच काळात पेटली आणि तिला 'ग्रेक्झिट' हे नाव मिळाले. बाहेर पडा म्हणणाऱ्यांचा दाखला अर्जेंटिनाचा होता. त्या देशाने २००२ च्या सुरुवातीला पेसोची डॉलरशी असलेली गाठ सोडली, भयानक वर्ष सोसले आणि पुढच्याच वर्षापासून तो वेगाने वाढू लागला. ड्राख्मा परत आणला तर पर्यटन स्वस्त होईल, निर्यात वाढेल, वेतनकपातीची वर्षानुवर्षांची यातना संपेल, असा त्यांचा हिशेब होता. विरोधकांचे म्हणणे असे की, अर्जेंटिनाकडे निदान पेसोची नोट तरी चलनात होती. ग्रीसला तीही नव्याने छापावी लागली असती. त्या छपाईची कुजबुज जरी झाली, तरी ठेवीदार दुसऱ्या दिवशी बँकांसमोर रांगा लावतील. कर्ज युरोतच राहील आणि ड्राख्मा घसरेल तसे ते फुगेल. तेल आणि औषधे आयात होतात, ती कोण उधार देईल? शिवाय युरोतून बाहेर पडण्याचे कलमच करारात नाही. युरोपीय संघ सोडण्याचे आहे, युरो सोडण्याचे नाही. जुन्या ड्राख्मा नोटा बदलून घेण्याची मुदत १ मार्च २०१२ रोजी, म्हणजे ही चर्चा ऐन भरात असताना संपली आणि घराघरांत जपलेल्या नोटा रद्दी झाल्या.

ग्रीक जनतेची भूमिका बाहेरच्यांना विसंगत वाटे. कपात नको, पण युरो हवा, असे मोठे बहुमत सर्व पाहण्यांत दिसे. त्यात विसंगती फारशी नव्हती. १८९३ मध्ये ग्रीस दिवाळखोर झाला होता आणि १८९८ पासून परकीय आयोग त्याच्या महसुलावर बसला होता. ड्राख्माच्या महागाईची आठवणही जिवंत होती. युरो हा अनेकांना आपल्याच राज्यकर्त्यांवर घातलेला लगाम वाटे.

हा पेच २०१५ मध्ये फुटला. जानेवारीत अलेक्सिस त्सिप्रास यांचा डावा सिरिझा पक्ष निवडून आला. अर्थमंत्री यानिस वारुफाकिस यांची मागणी होती की आधी कर्ज हलके करा. १९५३ च्या लंडन करारात जर्मनीचे निम्मे कर्ज माफ झाले आणि त्या करारावर सही करणाऱ्यांत ग्रीसही होता, याची आठवण करून दिली गेली. जर्मन अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांचे उत्तर एकच: नियम म्हणजे नियम. जर्मनमध्ये कर्ज आणि दोष यांना एकच शब्द आहे, 'शुल्ड', हे त्या वर्षी ग्रीक वृत्तपत्रांनी पुन्हा पुन्हा लिहिले.

निकाल मात्र चर्चेच्या टेबलावर लागला नाही. फेब्रुवारीतच युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक सरकारचे रोखे तारण म्हणून घेणे थांबवले होते. बँका तिच्या परवानगीने मिळणाऱ्या तातडीच्या रोखतेवर तगून होत्या. २७ जूनच्या पहाटे त्सिप्रास यांनी धनकोंच्या अटींवर सार्वमत जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी फ्रँकफुर्टने त्या रोखतेची मर्यादा गोठवली. बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोंच्या वर पैसे काढता येईनात. ३० जूनला नाणेनिधीचा हप्ता चुकला. कोणत्याही विकसित देशावर अशी वेळ पूर्वी आली नव्हती. ५ जुलैला ६१ टक्के मतदारांनी त्या अटी फेटाळल्या. मतपत्रिकेवर युरोचा प्रश्न नव्हताच, दोन तांत्रिक मसुद्यांना होकार की नकार एवढेच विचारले होते. युरो गमावण्याची तयारी नसलेल्या सरकारला त्या नकाराचे करायचे काय, हे कळेना. शॉयब्ले यांच्या खात्याने किमान पाच वर्षांसाठी युरोबाहेर जाण्याचा पर्याय कागदावर मांडला. १३ जुलैच्या सकाळी, सतरा तासांच्या बैठकीनंतर, त्सिप्रास यांनी नाकारलेल्या अटींपेक्षाही कडक अटी मान्य केल्या. ८६ अब्ज युरोंचा तिसरा मदत-कार्यक्रम ठरला, ५० अब्जांची सरकारी मालमत्ता विक्री-निधीत टाकायचे ठरले. बँका २० जुलैला उघडल्या. सप्टेंबरच्या निवडणुकीत त्सिप्रास पुन्हा निवडून आले.

तिसरा कार्यक्रम २० ऑगस्ट २०१८ रोजी संपला. उघड कर्जमाफी धनको देशांनी कधीच दिली नाही. त्याऐवजी व्याज कमी केले आणि मुदती लांबवल्या. माफीचाच हा एक लाजरा प्रकार, पण जर्मन संसदेत त्याला माफी म्हणावे लागत नाही. २०२० मध्ये जीडीपीच्या २०० टक्क्यांवर गेलेले कर्ज नंतर महागाई आणि वाढीमुळे झपाट्याने उतरले आणि २०२२ मध्ये नाणेनिधीचे पैसे मुदतीआधीच फिटले. देश सोडून गेलेल्या तरुण डॉक्टर-अभियंत्यांपैकी बरेच जण परतलेले नाहीत. ग्रीसचे हाल पाहिलेला क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी युरोत दाखल झाला. युरोपीय देशांना देणे असलेल्या ग्रीसच्या कर्जाचे शेवटचे हप्ते २०६० च्याही पुढे जातात.