इशापूरची थ्री-नॉट-थ्री अमेरिकेत चालवण्यापूर्वी

अमेरिकेतल्या गन शोमध्ये जुन्या लष्करी रायफलींच्या टेबलापाशी उभं राहिलं, की कधी ना कधी ‘आरएफआय’ हा शिक्का नजरेला पडतो. रायफल फॅक्टरी, इशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी घडलेली ली-एनफिल्ड, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. शेजारच्या खोक्यातलं काडतूस उलटं करून बुड पाहिलं आणि त्यावर ‘केएफ’ दिसलं, तर ते थेट पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. एनसीसीत हीच रायफल खांद्यावर घेऊन परेड केलेल्या मराठी माणसाचा हात अशा वेळी पाकिटाकडे जाणं स्वाभाविक आहे. पण त्या टेबलाभोवती फिरणाऱ्या ऐकीव गोष्टींमुळे नळी सडते, कधी डोळाही जातो. म्हणून हे लिहितो आहे.

आधी कायदा, थोडक्यात. ‘जुनी आहे म्हणजे अँटिक’ असं सर्रास म्हणतात. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यात अँटिक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक, आणि तारीख मोजायची ती मुख्य सांगाड्याची, म्हणजे रिसीव्हरची. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिनलंडने जुन्या रशियन सांगाड्यावर बांधलेली मोसिन-नागां रायफल अँटिक ठरू शकते, तर १९४२ची इशापूर कधीच ठरत नाही. ती पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, म्हणून ‘क्युरिओ अँड रेलिक’ या गटात मोडते. त्या गटासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, पण त्यावर धंदा करता येत नाही. राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात. आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजकेच अपवाद आहेत.

भारतात तर हा प्रश्न आणखी लवकर मिटतो. थ्री-नॉट-थ्री हा इथे निषिद्ध बोअर आहे. सामान्य नागरिकाला तिचा परवाना मिळत नाही. ‘आजोबांची बंदूक जुनी आहे, तिला लायसन्स कशाला?’ हेही चूक. १९५९च्या शस्त्र कायद्याचं ४५वं कलम पुरातन शस्त्राला सूट देतं, ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. माळ्यावर चालू बंदूक सापडली, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा.

आता मुख्य गैरसमज: ‘फौजेने वापरलेली, फौजेने तपासलेली, मग भीती कसली?’ या वाक्याला स्प्रिंगफील्ड १९०३ या अमेरिकी रायफलीइतकं चोख उत्तर दुसरं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात तिच्या रिसीव्हरचं पोलाद तापवताना जुने कारागीर रंगावरून, नजरेने उष्णता ठरवत. ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात तोच लाल रंग वेगळा दिसतो. काही रिसीव्हर जास्त तापले आणि ठिसूळ झाले. कारखान्याच्या चाचणीत त्यांनी जादा दाबाचं काडतूस सहन केलं, सैन्यात दाखलही झाले. पण एखाद्या काडतुसाचं पितळ फाटून वायू मागे उसळला, तर चांगलं पोलाद जिथे वाकलं असतं तिथे हे काचेसारखं फुटलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात हे लक्षात आलं आणि उष्णतेची प्रक्रिया बदलली. म्हणून स्प्रिंगफील्डमधल्या ८,००,०००च्या खालच्या आणि रॉक आयलंड या दुसऱ्या सरकारी कारखान्याच्या २,८५,५०७च्या खालच्या क्रमांकाच्या रायफली चालवू नयेत, असं जाणकार सांगतात. ‘माझ्या वडिलांनी हजार गोळ्या झाडल्या, काही झालं नाही’ हे तिथे नेहमी ऐकू येतं. ठिसूळ पोलाद एक हजार एकाव्या गोळीची आगाऊ सूचना देत नाही.

उलट उदाहरण जपानी अरिसाकाचं. ‘जपानी म्हणजे तकलादू’ ही समजूत अमेरिकेत वर्षानुवर्षं होती. पी. ओ. अ‍ॅक्ली या बंदूक-कारागिराने मुद्दाम वाढत्या दाबाची काडतुसं वापरून रायफली फोडून पाहिल्या, तेव्हा अरिसाका सर्वांत चिवट रायफलींमध्ये निघाली. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या सराव-बंदुका बिडाच्या असत, नळीत आटे नसत, आणि त्या फक्त बिनगोळीच्या काडतुसांसाठी होत्या. नावलौकिक चांगला असो वा वाईट, हातातल्या त्या एका नगाबद्दल तो काहीही सांगत नाही.

इशापूरचंही तसंच. अंगावर ‘डीपी’ कोरलेलं असेल, तर ती ड्रिल पर्पज, एनसीसीतल्या परेडची. नळीभोवती तारेचं वेटोळं असेल, तर ती ग्रेनेड फेकायला वापरलेली. दोन्ही भिंतीवर शोभतात, खांद्याला लावायच्या नाहीत. बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का ते पाहा. ‘बोल्ट बदलला तरी काय, बसतो ना?’ असं विक्रेता म्हणेल. बसणं वेगळं आणि बोल्टच्या दोन्ही खुंट्यांनी सारखा भार घेणं वेगळं. बोल्ट बंद असताना त्याच्या तोंडापासून काडतूस जिथे अडतं तिथपर्यंत जी जागा असते, तिला हेडस्पेस म्हणतात. थ्री-नॉट-थ्रीत ती काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठरते. ती वाढली, की पितळ ताणलं जातं आणि बुडाच्या थोडं वर तुटू शकतं. हे डोळ्यांनी कळत नाही. बंदूक-कारागीर गेज लावून मोजतो. त्याची फी वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

‘टू-ए’ आणि ‘टू-ए-वन’ या इशापूरच्या रायफली म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीला नवी नळी लावलेल्या, असंही ऐकू येतं. तसं नाही. १९६२च्या युद्धानंतर ७.६२ मिमी नाटो काडतुसासाठी त्या अधिक चांगल्या पोलादात नव्याने घडवल्या. बारा काडतुसांचं चौकोनी मॅगझिन ही त्यांची खूण. थ्री-नॉट-थ्रीची आणि या रायफलींची काडतुसं एकमेकींत चालत नाहीत. ७.६२ नाटो आणि बाजारातलं .३०८ यांबद्दल ५०,००० विरुद्ध ६२,००० असे आकडे तोंडावर फेकले जातात, पण ते दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले दाब आहेत. त्यांची वजाबाकी करून काही निष्पन्न होत नाही. फरक आहे तो लष्करी चेंबर थोडं लांब असू शकतं आणि लष्करी पितळ जाड असतं, यात. म्हणजे पुन्हा गेजच.

आणि आता नळी. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, आपल्या मिठाचंच भावंड. पावसाळ्यात कोकणातल्या घरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच नळीत होतं आणि एका रात्रीत गंज धरतो. ‘अमोनियाने हा क्षार मारता येतो’ हा टिकून राहिलेला गैरसमज आहे. अमोनियाच्या बाटलीत काम करतं ते पाणी. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. म्हणून नुसतं तेल लावणाऱ्याच्या नळीतही गंज चढतो. ब्रिटिश फौज यासाठी उकळतं पाणी ओतायचं खास नरसाळं देई. गोळ्या झाडल्या त्याच दिवशी गरम पाणी, मग पुलथ्रूच्या दोरीला चिंधी बांधून नळी पूर्ण कोरडी, मग तेल. बोल्टचं तोंडही विसरू नका.

रायफल गोदामातल्या घट्ट ग्रीसमध्ये माखलेली असेल, तर आधी नळी, चेंबर आणि बोल्टचं पोट स्वच्छ करा. बोल्टमध्ये ग्रीस साकळलं, की फायरिंग पिन अडकते.

पहिली गोळी खांद्यावरून झाडू नये. जाणकार रायफल जुन्या टायरला बांधतात, चापाला लांब दोरी लावतात आणि आडोशाला उभे राहतात. चष्मा आणि कानाचं संरक्षण तेव्हाही हवंच. चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला, तर बोल्ट लगेच उघडू नका. जुनी दारू उशिरा पेटू शकते. नळी समोरच ठेवून निदान अर्धं मिनिट थांबा. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला, तर गोळी नळीतच अडकली असेल. रायफल रिकामी करा, नळी आरपार पाहा, तोवर दुसरं काडतूस भरू नका. रिकामं काडतूस उन्हात धरा: बुडाच्या वर चकचकीत वर्तुळ दिसतं का? तारेचं टोक वाकवून आतून खरवडा. तार खाचेत अडकली, तर पितळ तिथे तुटायच्या बेतात आहे. त्या दिवसाची नेमबाजी तिथेच थांबवा आणि रायफल पुन्हा कारागिराकडे न्या.