रिकाम्या नळीत काय असतं?



आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हायची आहे, हे तुम्ही ऐकलंच असेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. परवा गटाच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्याही आतून रिकाम्या! रिकाम्या नळीला एवढा पैसा?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण त्या रिकामेपणाबद्दलच बोलू.

आधी नळ्यांचं काम समजून घेऊ. दूर आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं-आखडलं जातं. त्या गुरुत्वीय लहरी. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या पहिल्यांदा टिपल्या. काटकोनातल्या दोन नळ्यांमधून लेसरचा प्रकाश जातो, टोकाच्या आरशांवरून परत येतो, आणि कोणती बाजू किती लांबली ते कळतं. हा फरक अणूच्या गाभ्याहूनही शेकडो पटींनी लहान असतो!

नळीत हवा राहिली तर मापात गडबड होते. म्हणून पंपांनी ती काढतात. बाहेरच्या हवेच्या दाबाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला जेमतेम एक भाग आत उरतो.

मग आत उरलं काय? आपली विहीर डोळ्यांपुढे आणा. पहाटेची वेळ, वारा नाही, पोहरा नाही. पाण्यावर एकही तरंग नाही, पण पाणी तर आहेच ना? तसंच सगळ्या जागेत विद्युतचुंबकीय क्षेत्र पसरलेलं असतं. प्रकाश हा त्यावरचाच तरंग. आमचा आवाज तुमच्या रेडिओपर्यंत आणणाऱ्या लहरीही त्याच्यावरचेच तरंग.

विहिरीत आणि या क्षेत्रात एक फरक मात्र आहे. हे क्षेत्र पूर्ण स्थिर कधीच होत नाही. सगळा प्रकाश, सगळी उष्णता काढली, तरी मोजायला गेलं की आकडा कधी जरा वर, कधी जरा खाली येतो. हा निसर्गाचाच नियम आहे. शास्त्रज्ञ त्याला निर्वाताचे चढउतार म्हणतात. हवा पंपाने काढता येते, ही थरथर कोणत्याही पंपाने निघत नाही.

तिचा परिणाम खरोखर मोजला गेला आहे. लायगोचा एकेक आरसा ४० किलोचा, म्हणजे गव्हाच्या भरल्या गोणीएवढा. या थरथरीमुळे तोसुद्धा अगदी सूक्ष्म हलतो, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं.

मग उपाय काय? कणकेचा गोळा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. तसंच शास्त्रज्ञ तरंगाच्या वेळेतली थरथर दाबतात आणि त्याच्या जोरातली वाढू देतात. माप अडतं तिथली गडबड कमी होते. अमेरिकेतल्या वेधशाळा २०१९ पासून असा 'दाबलेला' प्रकाश वापरतात, आणि त्यामुळे त्यांना आणखी दूरचं टिपता येतं.

एक सावधगिरी सांगतो. रिकाम्या जागेत ऊर्जा आहे, तर तिच्यातून फुकट वीज देतो, असं म्हणत कोणी पैसे मागितले तर देऊ नका. निर्वात ही क्षेत्राची सगळ्यात खालची पायरी. विहिरीचा तळ लागला की पोहरा त्याखाली जात नाही, तसंच हे.

तर काकू, पैसा रिकाम्या जागेला नाही. जागा शक्य तितकी रिकामी करायला आणि तरीही उरणारी थरथर ओळखायला तो लागतो. आपल्या लेकींना हे जरूर सांगा. उद्या त्या यंत्रापाशी बसणारी एखादी औंढ्याचीच असेल.

तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीत बोलू. नमस्कार!