चोक, कार्ब्युरेटरचा
चोक, कार्ब्युरेटरचा : पेट्रोल एंजिन थंड असताना सुरू करण्यासाठी कार्ब्युरेटरमधून जाणारे हवा-पेट्रोल मिश्रण तात्पुरते समृद्ध (पेट्रोलचे प्रमाण अधिक असलेले) करणारी योजना. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनी प्रमाणात सु. १४·७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. एंजिन थंड असताना मात्र पेट्रोलचे पुरेसे बाष्पीभवन होत नाही. त्याचा काही अंश नळीच्या भिंतींवर द्रवरूपात साठतो व सिलिंडरात पोहोचणारे मिश्रण ठिणगीने पेट घेण्याइतके समृद्ध राहत नाही. ही उणीव चोकने भरून निघते.

प्रकार : चोकचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिल्यात कार्ब्युरेटरच्या मुखाशी एक चकतीसारखी झडप असते. ती मिटली की हवेचा मार्ग रोधला जातो, आत निर्वात वाढतो आणि तोटीतून अधिक पेट्रोल ओढले जाते. दुसऱ्यात (उदा., सोलेक्स पद्धतीचे अनेक कार्ब्युरेटर व काही स्कूटरी) हवा न रोखता अधिक समृद्ध मिश्रण स्वतंत्र मार्गाने पुरविले जाते. या प्रकारात एंजिन सुरू करताना प्रवेगक दाबू नये. दाबल्यास निर्वात घटतो व चोक निष्प्रभ ठरतो. ही बाब ठाऊक नसल्याने पुष्कळदा चांगल्या चोकलाच दोष दिला जातो.

दोष व त्यांची परीक्षा : हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथसारख्या गावी हिवाळ्यातील पहाट गार असली, तरी दिवस लवकर तापतो. त्यामुळे तेथे चोक थोडाच वेळ लागतो आणि तो न मिटण्यापेक्षा पूर्ण न उघडण्याचा दोष अधिक नुकसान करतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत वाहन वारंवार थांबवून पुन्हा सुरू करावे लागते. अशा वेळी तापलेल्या एंजिनाला चोक दिल्यास पेट्रोल सिलिंडरात साचून एंजिन मुळीच सुरू होत नाही.

झडपेच्या चोकची परीक्षा एंजिन बंद व थंड असताना, हवा-गाळणी काढून करतात. मूठ ओढल्यावर झडप पूर्ण मिटली पाहिजे व ढकलल्यावर हवेच्या प्रवाहाला समांतर उभी राहिली पाहिजे. तसे न झाल्यास केबलचा स्क्रू सैल होणे, बाह्य आवरण निसटणे, धूळ व गंज यांमुळे केबल अडकणे किंवा परत आणणारी स्प्रिंग कमजोर होणे यांपैकी कारण शोधावे. केबल सोडवून झडप हाताने फिरविल्यास दोष केबलमध्ये आहे की झडपेच्या दांड्यात, हे कळते.

चोक उघडाच राहिल्यास थंड एंजिन सुरू होण्यास त्रास होतो. तो मिटलेला राहिल्यास काळा धूर, पेट्रोलचा वास, अडखळती चाल व प्लगवर काजळी ही लक्षणे दिसतात. झडप पूर्ण उघडी असूनही ती टिकली, तर तरंडा व त्याची सुई किंवा तुंबलेली हवा-गाळणी तपासावी. याउलट, तापलेले एंजिन चोक ओढल्यावरच नीट चालत असेल, तर दोष चोकचा नसून मिश्रण विरळ असल्याचा असतो; तोटी तुंबणे वा गॅस्केटमधून हवा शिरणे हे त्याचे कारण होय. अशा वाहनात चोक ओढून काम भागविणे म्हणजे मूळ दोष झाकणे होय.

परिणाम व दक्षता : अतिसमृद्ध मिश्रणातील न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील वंगण तेल धुऊन काढते आणि चार-धावी एंजिनात खालच्या तेलात मिसळून ते पातळ करते; परिणामी दट्ट्याची कडी व सिलिंडर लवकर झिजतात. पेट्रोल साचल्यास चोक व प्रवेगक दोन्ही पूर्ण उघडे ठेवून एंजिन फिरवावे, अथवा प्लग काढून कोरडे करावेत. गाळणी काढलेली असताना एंजिन सुरू करून मुखात डोकावू नये, कारण उलट भडका उडू शकतो. समृद्ध मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, गंधहीन वायू अधिक असतो. म्हणून बंद खोलीत एंजिन चालवून ही तपासणी करणे प्राणघातक ठरू शकते.

सद्यःस्थिती : बजाज चेतक (१९७२ पासून) व मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी या वाहनांनी चोकची मूठ महाराष्ट्रात घरोघरी परिचित केली. पद्मिनीची मुंबईतील टॅक्सीसेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतर नव्या दुचाक्यांतही इंधन-अंतःक्षेपण रूढ झाले. त्यात हे काम तापमान-संवेदक व विद्युत् नियंत्रक आपोआप करतात. तथापि जुन्या वाहनांत ते अद्याप चालकाच्या हाती आहे.