सायकलच्या टायरवर काय लिहिलेले असते?

मुले आठवी-नववीत गेली की जाड टायरच्या सायकलीचा हट्ट धरतात. आपण किंमत, रंग, गिअर पाहतो. टायरवरचे आकडे मात्र वाचत नाही. पुढे टायर झिजला की दुकानात ‘सव्वीसचा द्या’ एवढेच सांगतो. पण सगळे सव्वीसचे टायर एका मापाचे नसतात आणि तिथेच पैसे वाया जातात.

हे फुगीर टायर अमेरिकेतले. तेथे श्विन कंपनीने १९३३ मध्ये अशा टायरच्या सायकली आणल्या. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण त्याच जुन्या सायकलींवरून डोंगराच्या कच्च्या वाटा उतरू लागले आणि त्यातून माउंटन बाइक घडली. म्हणून तिच्या चाकाचे माप सुरुवातीला सव्वीस इंचीच राहिले.

टायरच्या बाजूला ‘२६ × १.९५’ असे माप असते आणि जवळच ‘५०-५५९’ असे आकडे. ५० ही हवा भरल्यावरची रुंदी. ५५९ हा टायरची कड रिमवर बसते तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्याकडे मुलींच्या अनेक साध्या सायकलींना ‘२६ × १ ३/८’ चा टायर असतो. त्याचा व्यास ५९०, म्हणजे तब्बल ३१ मिलिमीटर जास्त. नाव दोघांचे सव्वीस, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. साडेसत्तावीस इंचीचा व्यास ५८४, तर एकोणतीस इंचीचा ६२२ असतो.

कडेत पोलादी तार असेल तर टायर स्वस्त आणि जड असतो. तारेऐवजी मजबूत धागा असेल तर तो घडी घालून ठेवता येतो, हलका असतो आणि महागही. ‘टीपीआय’ म्हणजे टायरच्या कापडात एका इंचात किती धागे आहेत तो आकडा. सर्वसाधारणपणे धागे जास्त तितका टायर हलका व लवचिक. कमी असतील तर जाडजूड व टिकाऊ.

रबराचे मोठे उंचवटे चिखल-मातीत पकड देतात, पण डांबरी रस्त्यावर सायकल जड चालते आणि ते लवकर झिजतात. रोज शाळा-क्लासला जाणाऱ्या मुलाला मधला पट्टा सपाट असलेला टायर पुरेसा आहे.

हवेचा दाब ‘पीएसआय’मध्ये लिहिलेला असतो. त्यातील कमाल आकडा कधीही ओलांडू नये. हवा फार कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. अशी जोडभोके दिसली तर काटा शोधत बसण्याआधी हवा तपासावी. बाजूला बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेनेच ठेवावा.

दुकानात जाण्यापूर्वी जुन्या टायरवरचे आकडे मुलांकडूनच वहीत लिहून घ्यावेत. पैसे वाचतील आणि आपली सायकल त्यांना नीट कळेल. उतारावर ब्रेक दाबला की शेवटी जमीन धरून ठेवतो तो टायरच. त्यातील धागे दिसू लागले, तर बदलायला एक दिवसही उशीर करू नये.